इष्टतेचा विचार

आमच्या संपादकांचे पत्र दरवर्षी श्रावणात येते, आणि त्यातले एक वाक्य कायमचे ठरलेले असते: ‘दिवाळी अंकासाठी सदर जरा खुसखुशीत होऊ द्या.’ जणू मी सदर लिहीत नाही, कडबोळी तळतो! यंदा पत्राखाली ताजा कलम होता. ‘मुलांना घेऊन विधानसभा पाहून आलात असे कळले. तिथल्या गमतीजमती येऊ द्यात.’

गमतीजमती होत्या, नाही असे नाही. पावसाळी अधिवेशनातला शुक्रवार होता. तिसऱ्या वर्षाचे अकरा विद्यार्थी, तीन छत्र्या आणि मी, अशी आमची वरात चर्चगेटपासून नरीमन पॉइंटपर्यंत भिजत गेली. विधानभवनाची ही वास्तू १९८१ सालची. त्याआधी सभागृह भरे ते अपोलो बंदराच्या वाटेवरच्या जुन्या काउन्सिल हॉलमध्ये. मुळात खलाशांच्या वसतिगृहासाठी बांधलेल्या त्या इमारतीत नंतर पोलिसांचे मुख्य कार्यालय आले. खलाशी, आमदार आणि पोलीस असा त्या इमारतीचा प्रवास मी मुलांना रंगवून सांगितला. ती हसली. मास्तरांच्या विनोदाला मुले हसली की दिवस बरा जाणार असे समजायला हरकत नाही.

पिशव्या आणि फोन खाली ठेवून आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. टाळी वाजवायची नाही, बोलायचे नाही, कठड्यावरून वाकायचे नाही. आमच्या वर्गात हे नियम लागू झाले तर मी सुखाने निवृत्त होईन. माझा एक जुना विद्यार्थी आता वार्ताहर आहे. त्याने जाता जाता प्रश्नोत्तरांची छापील यादी माझ्या हातात दिली आणि मी खालचे सभागृह विसरून ती यादीच वाचत बसलो. मराठीच्या मास्तराने विधानसभेत जाऊन काय पाहिले, तर व्याकरण पाहिले, असे म्हणा हवे तर.

वाचकहो, ही यादी तुम्ही कधी पाहिली आहे का? प्रत्येक प्रश्नाचे पहिले वाक्य ‘हे खरे आहे काय’ याने संपते. मग येते ‘असल्यास’, आणि शेवटी हमखास ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरेही तशीच घोटीव. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. आणि या सर्वांवर तुळशीपत्र ठेवावे असे एक उत्तर आहे: ‘हे अंशतः खरे आहे.’ आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना मी ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, विधान एक तर खरे असते किंवा खोटे. मी म्हटले, तुम्ही नरीमन पॉइंटला कधी गेला नाहीत.

सकाळी आरडाओरडा झाला. दोनदा सभागृह दहा-दहा मिनिटांसाठी तहकूब झाले. मुलांना ते फार आवडले. दुपारी अशासकीय कामकाज लागले आणि बाके रिकामी होत गेली. एका सदस्याने उठून आपला ठराव वाचला. ही विधानसभा शासनाला अशी शिफारस करीत आहे की, वगैरे. विषय एका पुलाचा होता. माणूस तळमळीने बोलला. पावसात गावातली मुले शाळेत कशी जातात ते त्याने सांगितले. मंत्रिमहोदयांनी भावना समजू शकतो असे उत्तर दिले आणि आपण या बाबतीत सकारात्मक आहोत असे म्हटले. सदस्याने आभार मानले आणि ठराव मागे घेतला. सारे मिळून अर्धा तास.

माझ्या शेजारी बसलेला विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, मागे का घेतला?”

“आश्वासन मिळालं म्हणून.”

“आणि पास झाला असता तर पूल बांधावाच लागला असता?”

“नाही. ती शिफारस असते.”

त्याने मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही. या विद्यार्थ्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत वाढलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा, प्रश्न कमी विचारणारा, पण विचारला तर मास्तराची रात्र खराब करणारा मुलगा आहे, एवढे पुरे.

संध्याकाळी दादरला उतरलो. त्याला माझ्याकडून दोन पुस्तके न्यायची होती म्हणून तो घरापर्यंत आला. मी राहतो बोले रोडला. कबुतरखान्यापाशी फुटून पोर्तुगीज चर्चच्या बाजूने सिद्धिविनायकाकडे जाणारा हा रस्ता मुंबईत पुष्कळांच्या पायाखालचा आहे. मंगळवारी तर पहाटेपासूनच. पण बोले कोण, हे त्यातल्या शंभरांना विचारले तर किती सांगतील कोण जाणे. रस्त्याच्या पाटीखाली उभे राहून मी त्याला म्हटले, “दुपारी शिफारशीबद्दल विचारत होतास ना? ही पाटी बघ. या माणसाने एका दिवसात एक शिफारस पास करून घेतली होती.” आणि माझे व्याख्यान सुरू झाले. छत्रीवर पाऊस पडत होता, रस्ता माझ्या घराचा होता आणि श्रोता पळून जाणार नव्हता. मास्तराला आणखी काय हवे?

मी सांगितले ते थोडक्यात असे. सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले मोठे सुधारक. १९०९ साली कामगार हितवर्धक सभा निघाली त्यात ते पुढे होते. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात गेले. शनिवार, ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांच्या ठरावावरून कौन्सिलाने सरकारला शिफारस केली की, सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या नाहीतर कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने वापरण्याची अस्पृश्यवर्गास मुभा असावी. याच बोल्यांच्या अध्यक्षतेखाली पूर्वी एक लहानशी सभा झाली होती. परळच्या चाळीतला भीमराव नावाचा मुलगा मॅट्रिक पास झाला, त्याच्या कौतुकाची सभा. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुरुजी विल्सन हायस्कुलातले, आणि त्यांची या मुलाशी ओळख झाली ती आपल्या चर्नी रोडच्या बागेत. तो मुलगा १९२३ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन परत आला होता आणि परळच्या चाळीतच राहून वकिली सुरू करीत होता.

“पण ठराव म्हणजे कायदा नव्हे,” मी पुढे म्हटले. “१९१९ च्या सुधारणांनी कौन्सिलात लोकांनी निवडलेली माणसे आली, काही खाती मंत्र्यांच्या हाती आली, पण ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. तुला व्याकरणात सांगतो. कायदा हा आज्ञार्थ. ठराव हा विध्यर्थ. ‘विहीर उघड’ हा आज्ञार्थ, ‘विहीर उघडावी’ हा विध्यर्थ. त्यानंतर ११ सप्टेंबरला सरकारी पत्रक निघाले. आपल्या खात्यांच्या अधिकाऱ्यांना सरकारने अंमल करायला सांगितले. पण विहिरी आणि तळी होती नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या हाती. त्यांना कलेक्टरमार्फत काय सांगितले माहीत आहे? तर ही शिफारस मान्य करण्याच्या इष्टतेचा त्यांनी विचार करावा! म्हणजे विध्यर्थाचाही विध्यर्थ.”

मी स्वतःवर खूष होऊन थांबलो. मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “सर, सव्वीसचा राहिला.”

“कुठला?”

“पाच ऑगस्ट एकोणीसशे सव्वीस. बोल्यांचाच दुसरा ठराव. पहिला ठराव जी बोर्डं पाळत नाहीत त्यांची ग्रँट बंद करा म्हणून.”

मग तो सावकाश बोलत गेला आणि मी ऐकत गेलो. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्येच चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण कागदावर खुल्या झालेल्या तळ्याला तीन वर्षे कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली, ती नगरपालिकेच्या याच ठरावाच्या आधाराने. त्या दुपारी गावात मारहाण झाली. मग तळ्याची ‘शुद्धी’ झाली. नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला तो दिवस कोणता, तर ४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात महाडच्या काही मंडळींनी दिवाणी दावा लावला. म्हणणे असे की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादी आहे. तो दावा चालत चालत हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. तळे नगरपालिकेचे, आणि अनादी वहिवाट सिद्ध होत नाही. पोराला तारखा तोंडपाठ होत्या. आमच्या घरात मुलांना रामरक्षा शिकवीत, त्याच्या घरात या तारखा सांगत असावेत. आणि मी त्याला बोले कोण ते समजावीत होतो!

“तू मला मधेच थांबवायचं नाहीस का?”

“तुम्ही छान सांगत होता, सर.”

पुस्तके घेऊन निघताना त्याने चपला घातल्या आणि उंबऱ्यात वळून विचारले, “तुमचं गाव कोकणात ना, सर? तुमच्या तालुक्याच्या बोर्डानं काय केलं होतं?”

मी म्हटले, “माहीत नाही. बघायला हवं.”

हे उत्तर अंशतः खरे होते.

आमचे पणजोबा तालुका लोकल बोर्डाचे मेंबर होते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. घरात त्यांची तसबीर आहे. पगडी, उपरणे, हातात काठी. ‘अण्णा बोर्डावर होते’ हे वाक्य आमच्या घरी मुंजीत आणि लग्नात पाहुण्यांना सांगितले जाई. ते गावचे खोतही होते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तसबीर राहिली. पण बोर्डावर अण्णा काय करीत, असा प्रश्न मला पंचेचाळीस वर्षांत पडला नव्हता. मराठीच्या प्राध्यापकाने दुसऱ्यांच्या आजोबा-पणजोबांची चरित्रे शिकवावीत, आपल्या पणजोबाला मात्र भिंतीवर ठेवावे, हीच रीत असावी.

गणपतीला गावी गेलो. माझी आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे. कान गेले आहेत, आठवण लख्ख आहे. माजघरात ती दूर्वा निवडीत होती. मी जवळ बसून मोठ्याने विचारले, “आत्या, खालच्या आळीची विहीर अण्णांच्या वेळी सगळ्यांना खुली होती?”

“देवस्थानची विहीर ती. असं आजोबा म्हणायचे.” (माझे पणजोबा हे तिचे आजोबा.) थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, “बांधली बोर्डाच्या पैशानं. दगड आला तेव्हा बोर्डाच्या गाड्या आल्या होत्या, असं आई सांगायची.”

“मग खालचे लोक पाणी कुठलं भरीत?”

“वहाळाचं. वैशाखात वहाळ आटला की बायका यायच्या. विहिरीपासून लांब, त्या फणसाखाली उभ्या राहायच्या. आपल्यातली कोणी पाण्याला आली आणि तिला वाटलं तर ओतायची. वरून. त्यांच्या घागरीला कळशी न लावता.”

“तू ओतलंस?”

“मी लहान. आई ओतायची. मी मोजायचे. दर बाईला दोन कळशा. जास्त ओतल्या तर घरी ओरडा.” दूर्वांची जुडी तिने दोऱ्याने बांधली. “एक बाई होती, तिला तान्हं होतं. ती तीन मागायची. आई माझ्याकडे बघायची, मी दोनच म्हणायचे.”

मी विचारले, हे स्वातंत्र्याच्या आधीचे ना? तिने बराच विचार केला. म्हणाली, शाळेत झेंडा लावला आणि साखर वाटली, त्याच्या आधीचा उन्हाळा. आणि नंतरचेही दोन-तीन.

बोल्यांचा ठराव झाल्याला तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षे झाली होती. संविधानातल्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे २६ जानेवारी १९५० ला अमलात आले. तेवढ्या वर्षांत किती वैशाख आले, याचा हिशेब मी माजघरात बसून केला, आणि आत्या दोनच म्हणत होती ते डोळ्यांपुढून हलेना. ती सात-आठ वर्षांची होती. तिला मोजायला कोणी बसवले?

माळ्यावर अण्णांची पेटी आहे. त्यात खोतीची दप्तरे, पंचांगे आणि रोजनिशीच्या चार चोपड्या. अक्षर मोडी. एम. ए.ला असताना मी हौसेने मोडी शिकलो होतो, ते विद्यापीठात कधी उपयोगी पडले नाही, इथे पडले. तीन दुपारी लागल्या. अण्णा गृहस्थ नेटके होते. भाताचे भाव, म्हशीचे वेत, जावयाला दिलेले धोतर, सारे नोंदलेले. बोर्डाच्या प्रत्येक सभेची नोंद आहे. १९२४ च्या फेब्रुवारीत एक नोंद सापडली. बोर्डाची सभा. कलेक्टरसाहेबांकडून आलेला, अस्पृश्यांस विहिरींबाबतचा कागद वाचला. विचार तहकूब. परत येताना होडी उशिरा. भत्ता सव्वा रुपया.

पुढच्या सर्व सभा मी पाहिल्या. रस्त्यांची खडी आहे, धर्मशाळेची कौले आहेत, एका मास्तराची बदली आहे. तो कागद पुन्हा आला नाही. नामंजूर झाला असता तर निदान कोणी तरी विरोध केला, भांडण झाले, अशी ओळ तरी राहिली असती. महाडात भांडण झाले म्हणून निकाल लागला. आमच्याकडे काहीच झाले नाही. अण्णा दुष्ट नव्हते, हे मला सांगता येईल. दुष्काळात त्यांनी कोठार उघडल्याची गोष्टही घरात आहे, ती खोटी नसावी. कोठार माणसाला स्वतःला उघडता येते आणि त्याचे नाव होते. विहीर मात्र तहकूब राहिली.

माझ्या चुलतभावाला मी हे सांगितले, लिहिणार आहे असेही सांगितले. तो मुंबईतच, लालबागला असतो. चांगला माणूस आहे. तो म्हणाला, “अरे, दिवाळीच्या अंकात कशाला? लोक रांगोळ्या बघायला अंक घेतात. आणि शंभर वर्षांपूर्वीचं.” मी म्हटले, आत्या अजून आहे. तो गप्प झाला, मग म्हणाला, “नाव तरी गावाचं घालू नकोस.” ते मी ऐकले आहे. या बाबतीत मीही अण्णांचाच पणतू आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर मी त्या मुलाला स्टाफरूममध्ये बोलावले. चोपडी बरोबर आणली होती. कसे सुरू करावे ते कळेना, म्हणून सरळ नोंद वाचून दाखवली. मग आत्याचे सांगितले. फणस, दोन कळशा, तान्हे मूल. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. मला वाटले होते तो रागावेल, किंवा मोठ्या मनाने काही बोलेल, आणि दोन्हींसाठी मी मनात वाक्ये तयार ठेवली होती. त्याने कोणतेच वाक्य लागू दिले नाही.

“भत्ता किती म्हणालात?”

“सव्वा रुपया.”

“इष्टतेचा विचार करण्याचा.”

“होय.”

तो खुर्ची ओढून जवळ बसला. आमच्या विभागात तिसऱ्या वर्षाला एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. त्याने विषय अजून दिला नव्हता. म्हणाला, “सर, अशा चोपड्या आणखी असतील ना? दुसऱ्या मेंबरांच्या घरी?” असतील, मी म्हटले, पण माळ्यावर चढू कोण देणार? “तुम्हाला देतील,” तो म्हणाला. “तुम्ही त्यांच्यातले. तुम्ही चोपडी खाली आणायची, मी वाचायची.” हे त्याने अगदी साधेपणाने, कामाची वाटणी करावी तसे म्हटले. मी होकार दिला. पहिल्या दोन घरांना पत्रे गेली आहेत. एका घरून उत्तर आले की पेटी आहे, पण किल्ली पुण्याच्या भावाकडे आहे. दुसऱ्या घरून अजून उत्तर नाही. विलंबाची कारणे विचारीन म्हणतो.

सध्या दर शनिवारी दुपारी तो मोडी शिकायला येतो. धडा म्हणून त्याने अण्णांची तीच नोंद निवडली. वहीत एकेक अक्षर उतरवून घेतो. परवा अर्ध्यातच थांबला, चष्मा कपाळावर सरकवून चोपडीत अगदी नाक खुपसले आणि म्हणाला, “सर, या ‘तहकूब’मधला ‘ह’ कुठला? मला सगळं एकाच रेघेत दिसतंय.”

मी पेन्सिलीच्या टोकाने तो दाखवला.